घरच्या बैठकीत फ्लामेंको गिटार एकमेकांना वाजवायला द्यावी का?

आर्वीकर:
नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळच्या एका खेड्यात राहतो, शेती करतो आणि गेली सहा वर्षे जमेल तशी फ्लामेंको, म्हणजे स्पेनमधल्या लोकसंगीताची, गिटार शिकतो आहे. आसपासच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत या वाद्याचे वेड लागलेले आम्ही पाच जण आहोत. महिन्यातून एका रविवारी माझ्या घरी, ओसरीवर बंगई काढून ठेवून, सर्वांनी बसावे असा विचार आहे. अडचण अशी की खऱ्या अर्थाने फ्लामेंकोची म्हणावी अशी, सायप्रसच्या पाठीची आणि स्प्रूसच्या तोंडाची (पुढच्या फळीची) गिटार दोघांकडेच आहे. बाकी तिघांकडे साध्या क्लासिकल गिटारी आहेत आणि त्यांनाही आमची वाद्ये हाताळून पाहायची आहेत. मागच्या वर्षी माझ्या एका मित्राने हौसेने वाद्य एका ओळखीच्या मुलाला दिले, त्याने ते गावातल्या दुकानातून तारा बदलून आणले, आणि दुकानदाराने त्यावर पोलादी तारा चढवल्या. तिसऱ्या दिवशी ब्रिज, म्हणजे तारा बांधायची तोंडावरची पट्टी, उखडून आला. त्यामुळे मनात धास्ती आहे. वाद्य द्यावे का, दिले तर कोणत्या अटींवर, आणि मे महिन्यात ही बैठक घ्यावी की नाही, यावर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

परतवाड्याहून:
आर्वीकर भाऊ, आमची अशीच बैठक चार वर्षे चालू आहे, म्हणून लिहितो. वाद्य अवश्य द्या, पण ते आपल्या नजरेसमोर वाजले पाहिजे. घरी नेण्यासाठी देऊ नका. तुमच्या मित्राचे जे झाले त्यात नवल नाही. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण चाळीस किलोच्या आसपास असतो आणि पोलादी तारांचा सत्तरच्या घरात जातो. फ्लामेंको गिटारचे तोंड तर मुद्दाम पातळ ठेवलेले असते, म्हणून तो भार ते कसा सोसणार? तारांची पुडी स्वतःजवळ ठेवा आणि तारा स्वतःच बदला.

दुसरी गोष्ट गोल्पेची, म्हणजे बोटाने लाकडावर दिलेल्या ठोक्याची. आपल्या वाद्याच्या तोंडावर त्यासाठी पारदर्शक पत्रा लावलेला असतो. क्लासिकल गिटारवर तो नसतो, आणि आपले वाजवणे पाहून पाहुण्याने स्वतःच्या गिटारीवर नखाने ठोके द्यायला सुरुवात केली की पॉलिश आणि मग लाकूड खरवडत जाते. चिकटपट्टीचे तात्पुरते आवरण लावावे असे काही जण सुचवतात. पण शेलॅकच्या (लाखेच्या) पॉलिशवर ते लावले तर काढताना पॉलिशही सोबत येते. म्हणून गोल्पे शिकायचा असेल त्याने तुमची गिटार मागून घ्यावी, हेच बरे. उसनवारीचा खरा उपयोग येथे आहे, आणि बाकीच्या तिघांसाठी तुमचे वाद्य बैठकीत असण्याचे तेवढे एक कारण पुरेसे आहे.

नागपूरकर, वाद्यदुरुस्तीचे काम:
मे महिन्याविषयी मी थोडे तपशिलात लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तडा गेलेल्या गिटारींपैकी बहुतेक याच काळातल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतला ओलावा पंधरा-वीस टक्क्यांवर उतरतो. गिटारीला मात्र पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के सोयीचे. कूलर चालू असेल तर खोलीतला ओलावा चांगला वाढतो, आणि वीज गेली की तासाभरात खाली येतो. हा चढउतार एकवेळच्या कोरडेपणापेक्षा वाईट. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नका, वाजवून झाले की लगेच केसमध्ये घाला आणि केसमध्ये साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा. स्पंज थेंब गळेपर्यंत ओला ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या वाद्याची पाठ फुगते. स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या, अंदाजावर राहू नका.

बैठकीला येणाऱ्यांनी वाद्य बंद गाडीत उन्हात सोडू नये, हे निमंत्रणातच लिहा. सरसाने जोडलेले सांधे साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि उभ्या बंद गाडीत तेवढा तापमानाचा आकडा सहज गाठला जातो. माझे मत विचाराल तर एप्रिल आणि मे सोडा. जुलैतही ओलावा शोषायला सिलिका जेलच्या पुड्या लागतील, पण तडा जाण्याचे भय कमी.

दारव्ह्याचा तबलावादक:
मी गिटार वाजवत नाही, पण अशा बैठकीत दोनदा बसलो आहे. वाद्य देण्याघेण्याचा प्रश्न आहेच, तरी मला त्याहून मोठी उणीव लयीची वाटली. प्रत्येक जण आपली पाठ केलेली फाल्सेता (गिटारीचा छोटा सुरेल तुकडा) वाजवून दाखवतो आणि दुसरा ऐकतो; एकत्र कोणी वाजवत नाही. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात पेन्या नावाच्या मंडळांतून लोक जमतात तेव्हा टाळ्या देणारा माणूसही बैठकीचा भाग असतो. सोलेआ हा फ्लामेंकोतला एक प्रकार, बारा मात्रांचा, आणि त्यात ३, ६, ८, १०, १२ यांवर जोर. एकताल बारा मात्रांचाच, म्हणून मी सुरुवातीला हसत हसत टाळी द्यायला बसलो आणि पहिल्याच आवर्तनात फसलो, कारण माझे कान पहिल्या मात्रेवर सम शोधत होते आणि त्यांचा तुकडा दहाव्या मात्रेवर येऊन टेकत होता. एक रविवार गिटार केसमधून न काढता फक्त टाळ्या द्या. तळहात किंचित पोकळ ठेवून दिलेली दबकी टाळी गायन चालू असताना बरी वाटते, आणि बोटे तळहातावर आपटून दिलेली खणखणीत टाळी जोराच्या जागी.

खंजेरी आणू नका, असे मी आपल्या भागातला असूनही म्हणतो. तिच्या झांजा गिटारीचा आवाज झाकतात. त्याऐवजी गावातल्या सुताराकडून पुढच्या बाजूला पातळ प्लायवूड लावलेली पेटी करून घ्या. स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसियाने पेरूमध्ये काखोन ऐकून १९७७ च्या सुमारास ते फ्लामेंकोत आणले, ते असेच पेटीवाद्य आहे.

आर्वीकर:
सर्वांचे आभार. जुलै ते मार्च एवढेच महिने धरतो. पण एक अडचण सांगायची राहिली होती: कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी आमच्यापैकी तिघांची नखे मोडतात आणि रास्गेआदो, म्हणजे एकामागून एक बोटे तारांवरून झटकण्याची पद्धत, वाजवताना बोटांची रांगच तुटते. तेव्हा दिवाळीनंतरचे दोन महिने टाळ्यांचेच रविवार ठेवावेत, ही सूचना अगदी वेळेवर आली. पेटीसाठी सुताराला उद्याच विचारतो. तो भजनी मंडळात आहे, ठोका कसा हवा हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.