मदत हवी: स्वाती ताऱ्याचा लॉग जी काही केल्या जुळत नाही

धूमकेतू७: उद्या गाईडला आकडे दाखवायचेत. स्वातीचं तापमान ४३०० केल्विनच्या आसपास येतंय, ते ठीक. पण लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा लॉगॅरिथम) २.३! सगळीकडे १.७ दिलाय. वर्णपटातल्या लोखंडाच्या रेषा तीनदा मोजून झाल्या. काय चुकतंय? लवकर सांगा.

चाळणी: वर्णपटाचं विभेदन (किती बारीक फरक दिसतो ते) किती? ताऱ्याच्या वातावरणाचं मॉडेल कुठलं? रेषांची यादी डकव आधी. एवढ्यावर ज्योतिषी सांगेल, आम्ही नाही.

धूमकेतू७: नेहमीचंच सगळं. विभेदन ६०,०००. एफई-१ (साधं लोखंड) च्या ७० रेषा, एफई-२ (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड) च्या ८. दोन्हींतून लोखंडाचं प्रमाण सारखं येईपर्यंत लॉग जी वाढवत नेला.

तिसरा_डोळा: रेषांचा नाद सोडा, ताऱ्याच्या कंपनांवरून काढा. केप्लर अवकाश दुर्बिणीने पाहिलेल्या हजारो तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा लॉग जी तसाच काढलाय. वर्णपटावरचा म्हणजे अंदाजपंचे.

चाळणी: कंपनांच्या सूत्रात तापमान लागतं, ते कुठून आणणार? वर्णपटातूनच ना?

तिसरा_डोळा: वर्गमुळात लागतं हो. शंभर केल्विन इकडेतिकडे झाले तरी ढिम्म फरक पडत नाही.

निशाचर: विषय निघालाच आहे तर, काक्षी (बीटलगूज तारा) कधी फुटणार? २०१९ च्या शेवटी मंदावला तेव्हा रोज बघत होतो.

चाळणी: तो महाराक्षसी. वेगळा धागा काढा. धूमकेतू, मायक्रोटर्ब्युलन्स (ताऱ्याच्या वातावरणातल्या वायूची बारीक खळबळ) किती धरलास?

धूमकेतू७: १ किमी/से. सूर्याच्या वेळी तोच चालला होता.

चाळणी: इथेच माशी शिंकली! स्वातीसारख्या राक्षसी ताऱ्याला साधारण १.५ ते २ लागतो. कमी धरला की ठसठशीत रेषा जास्त लोखंड दाखवतात, आणि त्या बहुतेक एफई-१ च्या. मग एफई-२ ला त्यांच्या पातळीवर आणायला लॉग जी उगाच फुगतो. प्रत्येक रेषेतून आलेलं लोखंड आणि रेषेची ताकद यांचा आलेख काढ, चढ दिसेल. १२० मिलीअँगस्ट्रॉमपेक्षा जास्त ताकदीच्या रेषा सरळ उडव. ताळाही करून बघ: त्रिज्या सूर्याच्या २५ पट, लॉग जी २.३ धरला तर वस्तुमान साडेचार सूर्यांएवढं होतं. खरं एकाच्या जरा वर आहे.

तिसरा_डोळा: म्हणूनच म्हणतो, कंपनं.

धूमकेतू७: चढ होता!! १.७ किमी/से धरल्यावर आलेख आडवा झाला, लॉग जी १.८ आला. पण आता तापमान ५० केल्विननी हललं. चालेल ना?

चाळणी: हलणारच, सगळं एकमेकांत अडकलंय. गणित पुन्हा फिरव. आणि ती रेषांची यादी टाक, कधीची मागतोय.