डोंगरउतारावरच्या शेतातला काडीकचरा, पाला, शेण: यातून विकण्याजोगं काय करावं?

रानवाट: शेत चढावर, मागे स्वतःचं थोडं वन. दरवर्षी विरळणीच्या फांद्या निघतात. चार जनावरांचं शेण आहे, बांधांवर गवती चहा भरपूर. कर्ज काढायचं नाही. थ्री फेज वीज नाही.

लाकूडमित्र: पेलेट मशीनच घ्या, लाकडाचा भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणारं. कर्ज होईल, फिटतं. आमचं उत्तम चाललंय.

उतारकरी: ताज्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं. पेलेटला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास लागतो. धुक्यात वाळवणार कुठे? आणि थ्री फेज नाही म्हणालेत ते.

लाकूडमित्र: जनरेटर आहे की.

गोठा_७: शेण आहे तर बायोगॅस. गॅस निघाल्यावर उरलेली पातळ स्लरी शेताला.

धुकेवाडी: १५ अंशांखाली गॅस फारच कमी होतो. बायोगॅसची घुमटाकार टाकी, म्हणजे डोम, बसवणाऱ्याने आम्हाला हे सांगितलंच नाही. हिवाळाभर चूल पुन्हा लाकडावर. शिवाय त्यांना विकायचंय, गॅस विकणार कसा?

काळीमाती: बायोचार करा, म्हणजे फांद्या कमी हवेत जाळून मातीत घालायचा कोळसा. वर रुंद, तळाशी निमुळता खड्डा. थर टाकत जाळायचं, वरची ज्वाळा हवा अडवते, शेवटी पाण्याने विझवायचं. खर्च जवळपास नाही. फक्त कोरडा कोळसा थेट मातीत नको, नत्र धरून ठेवतो. आधी शेणस्लरीत मुरवा.

वनराखी: सगळे उचलायलाच सांगताय! पानांत आणि बारीक डहाळ्यांत लाकडापेक्षा जास्त अन्नद्रव्यं असतात. ती रानातच राहू द्या, जाड फांद्या तेवढ्या काढा. उतारावरची माती उघडी पडली की पावसाबरोबर जाते.

गोठा_७: स्लरीने भरून निघतं ते.

वनराखी: माती गेल्यावर स्लरी घालणार कशावर?

उतारकरी: खरा खर्च माल खाली नेण्याचा. वजन जागेवरच कमी होईल असं काही निवडा. गवती चहाचं तेल मात्र नको. १०० किलो पाल्यातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल, आणि पाला वाफवायला जळण किती, ती वाफ थंड करायला पाणी किती!

काळीमाती: सहमत. तेल नको, बायोचारच.

रानवाट: सर्वांचे आभार. तेलच काढायचं ठरवलंय. जळणाला जाड फांद्या आहेत, वरच्या झऱ्याचं पाणी पंपाशिवाय कंडेन्सरपर्यंत (वाफ थंड करायच्या नळीपर्यंत) येतं, आणि तेलाचा डबा पाठीवरून खाली नेता येतो. शेजारचे दोघे भट्टीत भागीदार व्हायला तयार आहेत. डहाळ्या रानातच ठेवणार, वनराखी. तेल काढल्यावर उरलेल्या पाल्याचं काय करतात?

लाकूडमित्र: त्याचे पेलेट होतात.

धुकेवाडी: वाळवून त्याच भट्टीखाली जाळा. आच्छादनालाही चालतो.