मार्शल योजनेइतकीच मोलाची कर्जमाफी

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोप सावरायला अमेरिकेने दिलेल्या मदतीच्या पैशावर उभा राहिला, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. त्या योजनेतला सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळाला होता. जर्मनीत जून १९४८मध्ये नवं मार्क चलन आलं आणि दडवलेला माल रातोरात दुकानांत दिसू लागला. पुढे १९५३च्या लंडन करारात जुनं कर्ज जवळपास निम्मं माफ! सही करणाऱ्यांत नाझींनी भरडलेला ग्रीसही होता. (२०१५मध्ये ग्रीसच कर्जात बुडाला, तेव्हा याची आठवण अनेकांनी काढली.) औदार्य वगैरे फारसं नव्हतं हो, कोरियात युद्ध चालू होतं आणि रशियासमोर भक्कम जर्मनी हवा होता. मे १९५५मध्ये तो नाटोत गेला, त्याच महिन्यात रशियाच्या गटाचा वॉर्सा हा लष्करी करार झाला.