विषय: आई-बाबांच्या व्हिसाची माहिती पोलिसांना नेमकी केव्हा दिसते?

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात जर्मनीत येणाऱ्या आई-बाबांच्या अर्जांची लगबग सुरू झाली आहे. मंडळाच्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे, ‘शेंगेन व्हिसाची सगळी माहिती पोलिसांनाही दिसते.’ त्यावर बऱ्याच सभासदांनी विचारणा केली आहे. दिसते म्हणजे कोणाला, कशासाठी, आणि निमंत्रण देणाऱ्याचे नावही त्यात असते का? पत्रक छापायला जाण्याआधी जाणकारांनी लिहावे.

— सचिव

---

सचिवताई,

ते वाक्य आहे तसे छापू नका. वाचणारा उगाच घाबरेल, आणि ज्याची खरी काळजी घ्यायला हवी ते राहून जाईल.

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा. त्याच्या अर्जाची माहिती व्हीआयएस, म्हणजे व्हिसा माहिती प्रणाली, या त्या देशांच्या सामायिक प्रणालीत जाते. तिचा मुख्य संगणक स्ट्रासबुर्गला आहे आणि राखीव केंद्र ऑस्ट्रियात, सांक्ट योहान इम पोंगाऊ इथे. भारतातल्या अर्जदारांचे दहा बोटांचे ठसे २ नोव्हेंबर २०१५ पासून तिथे जमा होतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. माहिती ५ वर्षे राहते, पण हे मोजमाप व्हिसा मिळाला असेल तर त्याची मुदत संपल्यापासून, आणि नाकारला असेल तर नकाराच्या निर्णयापासून सुरू होते.

पोलिसांसाठीचा दरवाजा वेगळा आहे. युरोपीय संघाच्या परिषदेच्या २३ जून २००८ च्या निर्णयाने तो बांधला आणि १ सप्टेंबर २०१३ पासून उघडला. तपास पथकातला अधिकारी स्वतः संगणकापुढे बसून शोध घेऊ शकत नाही. तो कारणांसहित अर्ज लिहितो, तो केंद्रीय प्रवेश कक्षाकडे जातो, आणि तो कक्ष तीन गोष्टी तपासतो. शोध दहशतवाद किंवा गंभीर गुन्ह्यासाठी आहे का? विशिष्ट प्रकरणात त्याची गरज आहे का? त्यातून तपासाला भरीव मदत होईल असे मानायला वाजवी आधार आहे का? तिन्हीची उत्तरे ‘हो’ असतील तरच शोध होतो.

‘गंभीर’ हा शब्दही मोघम ठेवलेला नाही. युरोपीय अटक वॉरंटच्या कायद्यात गुन्ह्यांचे ३२ प्रकार आहेत, त्यांत मोडणारा किंवा त्यांच्या बरोबरीचा गुन्हा लागतो. मानवी तस्करी, अमली पदार्थ, खून, अपहरण, कागदपत्रांची बनावट हे त्यात येते. दुकानातली किरकोळ चोरी येत नाही.

— एसेनहून

---

एसेनकर दादांनी नीट मांडले आहे, पण सभासदांना ज्याची सर्वांत जास्त गरज आहे ते मला जोडायचे आहे. निमंत्रण देणाऱ्याचे नाव आणि पत्ता व्हीआयएसमध्ये नोंदला जातो. कंपनीने बोलावले असेल तर कंपनीचे नाव, पत्ता आणि संपर्क-व्यक्तीचे नाव. आणि हे नुसते पडून राहत नाही. पोलिसांना ज्या मोजक्या गोष्टी टाकून शोध घेता येतो त्यांत ‘निमंत्रण देणारी किंवा खर्चाची हमी घेणारी व्यक्ती’ हीदेखील आहे. समजा तस्करीच्या तपासात एक पत्ता हाती आला, तर त्या पत्त्यावरून कोणाकोणाला बोलावले हे विचारता येते. तपासाच्या दृष्टीने हा उपयोगी धागा आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांना कळकळीने सांगते. गणेशोत्सवाच्या कलाकारांसाठी किंवा ओळखीच्या ओळखीतल्या कोणासाठी सद्भावनेने निमंत्रणपत्र देऊ नका. ज्याला खरोखर घरी ठेवून घेणार त्यालाच द्या. जर्मनीत फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग (पाहुण्याच्या खर्चाचे हमीपत्र) भरून दिले की पाहुण्याच्या राहण्याखाण्याची, आजारपणाची आर्थिक जबाबदारीही ५ वर्षांपर्यंत तुमच्यावर येते, हे त्याहून वेगळे. मंडळाच्या नावाने बोलावायचे असेल तर संपर्क-व्यक्ती कोण, हे कार्यकारिणीने ठरवून इतिवृत्तात लिहावे. दिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक आणि येण्या-जाण्याच्या तारखा एका फाइलमध्ये ठेवाव्यात. कधी विचारणा झाली तर पाच मिनिटांत उत्तर देता आले पाहिजे.

दुसरे, नावांचा घोळ. जन्मावेळचे आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक याही शोधाच्या किल्ल्या आहेत. आपल्याकडे पासपोर्टमध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते, ते अर्जात गाळू नका. आईच्या अर्जात माहेरचे आडनाव रिकामे सोडू नका. जन्मस्थान पासपोर्टवर मिरज असेल तर अर्जात सांगली लिहू नका. आपल्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख सर्रास लावलेली आहे. तेव्हा नाव सर्वसाधारण आणि जन्म १ जूनचा, असे एकाहून अधिक लोक सहज निघतात. अशा वेळी ठसेच वेगळेपण ठरवतात. म्हणून हात कोरडे पडून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या ज्येष्ठांनी ठसे देण्याआधी काही दिवस रोज हाताला तेल किंवा क्रीम लावावे, आणि केंद्रात जाताना मात्र हात स्वच्छ, कोरडे करून जावे.

— हाम्बुर्गहून

---

ताई, एक शंका. रेल्वे स्थानकावर पोलिसांनी बाबांचा पासपोर्ट मागितला आणि यंत्रावर बोट ठेवायला सांगितले, तर तेही याच नियमात का? आणि ही माहिती भारतातल्या पोलिसांकडे जाते का?

— कोलोनहून

---

कोलोनकर दादा,

नाही, तो दुसरा दरवाजा. प्रवेशाच्या आणि राहण्याच्या अटी पाळल्या आहेत का, हे तपासायचा अधिकार ज्यांना आहे ते अधिकारी व्हिसाच्या स्टिकरचा क्रमांक टाकून ठसा जुळवू शकतात. त्याला गंभीर गुन्ह्याची अट नाही, प्रवेश कक्षाची परवानगीही नाही. लोक हे दोन दरवाजे एकच समजतात, आणि गैरसमज तिथेच होतो. बाबांनी शांतपणे बोट ठेवावे. व्हिसा खरा आणि मुदतीत असेल तर विषय तिथेच संपतो. पोलिसांना हव्या असलेल्या माणसांच्या नोंदी व्हीआयएसमध्ये नसतात. त्या एसआयएस (शेंगेन माहिती प्रणाली) या वेगळ्या प्रणालीत असतात.

भारताकडे माहिती सहसा जात नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी युरोपबाहेरच्या देशाला ती देता येते ती केवळ अपवादात्मक तातडीत. गुन्हा त्याच पातळीचा हवा, ज्या देशाने माहिती भरली त्याची संमती हवी, आणि दिल्याची नोंद हवी. परत पाठवायच्या माणसाची ओळख पटवण्यासाठी वेगळे कलम आहे.

माझी खरी तक्रार तातडीच्या वाटेबद्दल आहे. निकडीच्या वेळी पोलिसांची तोंडी मागणीही चालते आणि अटी पूर्ण होत्या का हे नंतर तपासतात. बॉम्बचा धोका असताना हे योग्यच. पण नंतरची तपासणी करणारा कक्षही पोलीस यंत्रणेतलाच असेल तर तो कठोर राहील याची हमी काय? प्रवेश कक्षाने पूर्ण स्वतंत्रपणे काम करावे, असे व्हीआयएसच्या नियमांच्या २०२१ च्या सुधारणेत स्पष्ट लिहिले आहे. ते लिहावे लागले यातच सगळे आले.

आपल्या हातात काय आहे? माझ्याबद्दल काय नोंदले आहे आणि कोणत्या देशाने नोंदले, हे विचारण्याचा हक्क अर्जदाराला आहे, आणि कोणत्याही सदस्य देशात विचारता येते. जर्मनीत कोलोनच्या बुंडेसफेरवाल्टुंग्सआम्टकडे (केंद्रीय प्रशासन कार्यालयाकडे) विचारा. ओळखपत्राची प्रत, पासपोर्ट क्रमांक आणि अर्जाचे साल लिहा. चूक आढळली आणि नोंद दुसऱ्या देशाची असेल, तर १४ दिवसांत त्या देशाशी संपर्क साधायचा आणि त्याने महिन्याभरात तपासायचे, असा नियम आहे. ज्यांनी युरोपीय नागरिकत्व घेतले त्यांची जुनी नोंद लगेच पुसायला हवी. ती आपोआप झालीच असेल असे धरून चालू नका, विचारा.

— हाम्बुर्गहून

---

एक जोड. ब्लू कार्डवाल्यांचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा) इथे येण्याचा डी, म्हणजे दीर्घ मुदतीचा, व्हिसा आजवर व्हीआयएसमध्ये जात नव्हता. २०२१ ची सुधारणा लागू होईल तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा आणि निवास परवानेही त्यात येतील. पण आपली नोंद जर्मनीच्या परदेशी नागरिकांच्या नोंदवहीत, एझेडआरमध्ये, आधीपासून आहे, आणि पोलिसांना ती व्हीआयएसपेक्षा कितीतरी सहज मिळते. ह्यूबर खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १६ डिसेंबर २००८ रोजी ठरवले की गुन्हे रोखण्यासाठी केवळ इतर युरोपीय देशांच्या नागरिकांची अशी नोंद ठेवणे हा भेदभाव आहे. तो निकाल भारतीय पासपोर्टवाल्यांना लागू नाही. पत्रकात एझेडआरवर वेगळा परिच्छेद हवा. मसुदा रविवारपर्यंत पाठवतो.

— एसेनहून