पन्नास मुलांच्या इयत्तेची राज्याशी तुलना करायची तरी कशी?

रानजाई:
न्यू जर्सीत घर बघायला निघालं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न शाळेचा असतो. उत्तरादाखल एकच आकडा पुढे येतो: परीक्षेत राज्यात किती टक्के मुलं पास आणि या गावात किती टक्के. परवा नणंदेसाठी घर शोधताना क्रॅनबरीचा विषय निघाला. मिडलसेक्स काउंटीतलं हे छोटं गाव. अख्ख्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावाच्या शाळा चालवणाऱ्या विभागात, शाळा एकच, तीही आठवीपर्यंत. मुलं साधारण पाचशे, म्हणजे एका इयत्तेत पन्नासेक. नववीपासून ती प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. शाळेचे आकडे राज्याच्या बरेच वर आहेत हे पाहून नणंदेचे यजमान म्हणाले, "मग ठरलंच की."

मला विचारायचंय, नक्की काय ठरलं? एनजेएसएलए या राज्याच्या वार्षिक परीक्षेत पाच पातळ्या असतात. 750 गुण मिळाले की मूल चौथ्या पातळीवर, म्हणजे इयत्तेला साजेसं. राज्यात इंग्रजीत जेमतेम निम्मी मुलं तिथवर पोचतात, गणितात चाळीस टक्क्यांच्या आसपास. पण पन्नासांच्या इयत्तेत एक मूल म्हणजे दोन टक्के. पाच मुलं गाव सोडून गेली आणि दुसरी पाच आली, तर आकडा दहा टक्क्यांनी हलू शकतो. शिक्षक तेच, पुस्तकं तीच! शिवाय दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा राज्य दाखवतच नाही, तिथे नुसती चांदणी असते. म्हणजे आयईपी (विशेष गरजांसाठी आखलेली शिक्षण-योजना) असलेल्या मुलाच्या आईला जो आकडा हवा, नेमका तोच छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये झाकलेला.

माझं मत स्पष्ट आहे. गावात कोण राहतं ते या तुलनेतून कळतं. शाळा काय शिकवते ते कळत नाही.

खडूफळा:
रानजाई, नाही पटलं. लहान आहे म्हणून आकडा हलतो म्हणता, मग तो दरवर्षी वरच कसा? आपल्याकडचंच बघा. दहावीच्या निकालात कोकण विभाग वेगळा झाल्यापासून पहिला. 2024 मध्ये कोकण 99.01 टक्के आणि राज्य 95.81. 2025 मध्ये 98.82 आणि 94.10. दोनच जिल्हे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबईच्या मानाने मुलं मूठभर. तरी हा योगायोग आहे असं कोणी म्हणत नाही. सातत्य ही सुद्धा माहितीच आहे.

आणि गावात कोण राहतं हे कळतं म्हणता ना? मला तेच कळायला हवंय. माझी मुलगी रोज सात तास त्याच मुलांबरोबर बसणार आहे.

रानजाई:
दादा, कोकणातून दरवर्षी पंचवीस हजारांहून जास्त मुलं दहावीला बसतात. तिथे पाच मुलांनी काहीच हलत नाही, म्हणून ते उदाहरण पन्नासांच्या इयत्तेला लागू होत नाही. सातत्याचं मात्र मान्य. पाच-सहा वर्षांचे आकडे एकत्र करून पाहिले तर त्यांना अर्थ येतो. आपण मात्र घर बघताना फक्त मागच्या वर्षाचा आकडा बघतो.

पायवाट:
मी अकरा वर्षं एका अ‍ॅबट डिस्ट्रिक्टमध्ये तिसरीला शिकवते, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅबट विरुद्ध बर्क हा खटला. 1985 पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात एकामागून एक निकाल दिले. गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा मिळाला पाहिजे, हे त्यातूनच आलं. अशी 31 डिस्ट्रिक्ट. तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी तिथे जी बालवाडी सुरू झाली तीही 1998 च्या निकालामुळे.

माझ्या वर्गात सप्टेंबरमध्ये मुलं येतात तेव्हा काहींना इंग्रजी वाक्य सलग वाचता येत नाही. जूनमध्ये ती गोष्टीचं पुस्तक घरी मागून नेतात. परीक्षेत तरीही तिसऱ्या पातळीवर राहतात आणि राज्याच्या तक्त्यात "नापास" गटात जमा होतात. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे गुण एका मापात आणून पाहिले. सरासरी गुण घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले निघाले. पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात, याचा परिस्थितीशी संबंध फारच सैल. शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकतात असं त्यात दिसलं. शिकागो! घर घेताना त्या शहराच्या शाळांचं नाव आपल्यापैकी कोण काढतं?

खडूफळा, तुमच्या मुलीच्या सोबतीची काळजी मला समजते. पण माझ्या वर्गातली मुलं ही वाईट सोबत नाही.

हिशेबवही:
सगळे गुणांवरच अडकलेत, पैशाचं कोणी बोलत नाही. राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. एका शाळेच्या डिस्ट्रिक्टलाही कारभार बघणारं बोर्ड लागतं, सुपरिंटेंडंट म्हणजे मुख्य अधिकारी लागतो, हिशेब सांभाळणारा लागतो, आणि हे सगळं आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून. हायस्कूल दुसऱ्या गावात असलं तर त्याची फी वेगळी भरायची. छोटी डिस्ट्रिक्ट शेजारच्यांत विलीन करावीत असं माझं ठाम मत आहे. मग तुलनाही नीट होईल.

रानजाई:
विलीन केल्यावर तुलना सोपी होईल, पण त्या पन्नास मुलांना नावानिशी ओळखणारी शाळा जाईल. माझ्या मुलाचं अडखळणं त्याच्या बाईंना दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. ते कुठल्या तक्त्यात दिसत नाही. खर्चाचा मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही.

पायवाटताई म्हणतात ती प्रगती मोजणारा आकडा राज्याच्या अहवालातही असतो. आधीचे गुण सारखे असलेल्या राज्यभरातल्या मुलांशी प्रत्येक मुलाची तुलना करून त्याला 1 ते 99 मधला आकडा देतात आणि डिस्ट्रिक्टचा मध्य काढतात. 40 च्या खाली असला तर काळजी करावी. घर घेताना मी तरी आधी तोच बघेन.

खडूफळा:
तोही आकडा पन्नास मुलांचाच ना? मग तोही तितकाच हलणार. तुमचाच मुद्दा तुम्हाला लागू होतो.

रानजाई:
हो, हलणार. म्हणून सलग वर्षांचे लागतील, आणि मधली दोन तर हाताशीच नाहीत, कारण 2020 आणि 2021 च्या वसंतात ही परीक्षा झालीच नाही. आमच्या बोर्डाची बैठक येत्या मंगळवारी आहे. इयत्तेचा आकडा न मागता त्याच मुलांचा तिसरीपासून सातवीपर्यंतचा प्रवास मागणार आहे, नावं वगळून. खडूफळादादा, तुमच्याही गावात विचारून बघा. मग दोन्ही शेजारी ठेवून बोलू.