‘मारेकरी’ की ‘हल्लेखोर’? जिंग केला मराठीत काय म्हणावे

प्रश्न : इ.स.पू. 227 मध्ये जिंग के छिन या चिनी राज्याच्या राजाला मारायला गेला आणि फसला. राजा वाचला, पुढे चीनचा पहिला सम्राट झाला. मग जिंग केला ‘मारेकरी’ म्हणता येईल का? या शब्दात मला खून झालेलाच ऐकू येतो.

उत्तर : वर्तमानपत्रांमुळे तसे वाटते. माणूस वाचला की ते ‘हल्लेखोर’ लिहितात. पण ‘मारेकरी घालणे’ हा जुना प्रयोग घ्या. मारेकरी पाठवले, एवढेच त्यात कळते. काम फत्ते झाले की नाही, ते पुढच्या वाक्यात.

खरी अडचण सुपारीची आहे. मारेकरी म्हटले की पैसे घेऊन मारणारा डोळ्यांपुढे येतो. चिनी शब्द आहे ‘त्स-के’. त्यातला ‘त्स’ म्हणजे भोसकणे, ‘के’ म्हणजे पाहुणा. मोठ्या माणसाच्या पदरी मानाने राहणारा. जिंग केला या कामावर पाठवले येन राज्याच्या युवराजाने. त्याने जिंग केला राहायला वाडा दिला, तो स्वतः रोज त्याच्या भेटीला जाई. हे मिठाला जागणे आहे. इतिहासकार सिमा छ्यानने अशा पाच जणांची चरित्रे एकत्र लिहिली. त्यांपैकी ज्याच्यावर चालून गेले त्याला मारू शकले दोघेच! त्या पाचांतल्या त्साव मोने तर छी राज्याच्या अधिपतीला सुऱ्याचा धाक दाखवून मुलूख परत द्यायचे वचन घेतले, आणि सुरा टाकून तो शांतपणे आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

शंका : मग सरळ ‘हल्लेखोर’च का नको?

उत्तर : बातमीत चालेल. पण हल्लेखोर कुणीही असतो. जिंग के दूत म्हणून दरबारात गेला होता. नजराण्यात छिनमधून परागंदा झालेल्या सेनापतीचे शिर, शिवाय येनच्या सुपीक मुलखाचा नकाशा, आणि त्या गुंडाळीत विषारी सुरा. त्याने राजाची बाही पकडली, ती फाटली. दरबाऱ्यांना आत शस्त्र नेण्याची मनाई होती. राजाला लांब तलवार म्यानातून उपसेना. तेवढ्यात राजवैद्याने औषधाची पिशवी जिंग केवर फेकली. शेवटी राजाच्या तलवारीने घायाळ झालेला जिंग के खांबाला टेकून म्हणाला, जिवंत धरून वचन घ्यायचे होते, म्हणून हुकले. युवराजाचा बेतही तोच होता : आधी त्साव मोसारखे वचन घ्यावे, न जमल्यास मारावे. ‘हल्लेखोर’ शब्दात यातले काहीच येत नाही.

मी ‘युवराजाच्या पदरचा मारेकरी’ असे लिहीन. ‘भाडोत्री’ मात्र कधीही नको.

आणि त्या शस्त्राला ‘कट्यार’ म्हणू नका. कट्यारीची मूठ आडवी असते, ती नकाशाच्या गुंडाळीत लपणार नाही. ‘आखूड सुरा’ पुरे.