बीपी शिबिरानंतर रुग्ण परत येत नाहीत, आणि सभासद विचारतात वर्गणी कशासाठी?

शाखासचिव
नमस्कार. डॉक्टरांच्या संघटनेची आमची शाखा लहान आहे. साठेक सभासद, बहुतेक जनरल प्रॅक्टिस करणारे. वर्षातून एक मोठं बीपी तपासणी शिबिर आणि दर महिन्याला एक सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवणारं व्याख्यान, होते. शिबिरात एका दिवसात पाचशेच्या वर नावं लागतात, पण ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांचं पुढे काय झालं, ते रजिस्टर चाळून कळत नाही. दुसरीकडे तरुण सभासद विचारतात, वर्गणी भरून आम्हाला काय मिळतं? नव्या कार्यकारिणीने कुठून सुरुवात करावी? पैसा बेताचा आहे.

पारा_आणि_पट्टा
आधी पाचशेचा हिशेब करा. बीपी नीट मोजायचं तर माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर आणि दंडाला बांधलेला पट्टा हृदयाच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, दगदग नको. लघवी तुंबलेली नको. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून सरासरी. विश्रांतीच्या खुर्च्या वेगळ्या लावल्या तरी नोंदीसकट माणशी पाच मिनिटं जातात. म्हणजे एका टेबलावर तासाला बारा, तीन टेबलांवर चार तासांत १४४. त्याच टेबलांवर पाचशे झाले असतील, तर बीपी मोजलंच गेलेलं नाही.

जुनं रजिस्टर उघडा आणि प्रत्येक वाचनातला शेवटचा अंक बघा. हाताने दाबायच्या यंत्रावर वाचन दोन-दोनच्या टप्प्याने होतं, त्यामुळे शेवटी शून्य साधारण पाचात एकदा यायला हवं. पानभर १२०/८०, १३०/८०, १४०/९० दिसलं तर ते अंदाजाने लिहिलेले आकडे आहेत.

सगळ्यात जास्त घोळ पट्ट्याचा. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो आणि धडधाकट माणूस उगाच रुग्ण ठरतो. तीन मापांचे पट्टे आणि एक मोजपट्टी प्रत्येक टेबलावर असूच द्या. शर्टाची बाही वर सरकवून दंड आवळला जात असेल तर हात बाहीतून बाहेर काढायला सांगा. मोजताना बोलणं बंद, तपासणाऱ्याचंसुद्धा. नाडी अनियमित लागली तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नका, स्टेथोस्कोप लावून मोजा.

पाठपुरावा
वरचं सगळं बरोबर, पण मुळात पुढची सोय नसेल तर तपासणी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांचे दहा निकष मांडले. त्यांत निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असणं हा एक होता, आणि तपासणी एकदाच उरकायची गोष्ट नाही हा दुसरा. शिबिरं बहुतेक इथेच मार खातात.

करायचं ते असं. शिबिराच्या आधीच सभासदांकडून लिहून घ्या की आठवड्यातल्या अमुक वेळी मी शिबिरातले रुग्ण बघेन. १४०/९० किंवा जास्त निघालं की 'डॉक्टरांना दाखवा' असं मोघम सांगू नका. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, वार, वेळ आणि दोन्ही आकडे लिहा. चिठ्ठी तीन प्रतींत: रुग्णाला एक, त्या डॉक्टरला एक, शाखेच्या फाइलला एक. एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नाही, एक ते चार आठवड्यांत पुन्हा मोजावं लागतं, हे रुग्णाला तिथेच समजावा. नाहीतर एक घाबरून गोळ्या मागतो आणि दुसरा चिठ्ठी खिशात विसरतो.

दोन आठवड्यांनी फाइलमधल्या प्रत्येकाला फोन. गेला का, नसेल तर का नाही, हे दोनच प्रश्न. फोन करायची परवानगी नाव नोंदवतानाच सहीनिशी घ्या. अहवालात 'इतके तपासले' याऐवजी 'इतक्यांना चिठ्ठी दिली, इतके पोचले' लिहा.

१८०/१२० किंवा वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायातली ताकद जाणं, नजर धूसर होणं यांपैकी काहीही असेल तर चिठ्ठी नाही, थेट रुग्णालय. गाडी कोणती आणि सोबत कोण जाणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं.

गोलखुर्च्या
सभासदांच्या प्रश्नाबद्दल. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत, म्हणजे डॉक्टरांच्या शपथेत, २०१७ साली एक भर पडली: उत्तम सेवा देता यावी म्हणून डॉक्टरने स्वतःचं आरोग्यही जपायचं. १९४८ च्या मूळ प्रतिज्ञेत हे नव्हतं. ते प्रत्यक्षात आणायला शाखेसारखी दुसरी जागा नाही.

१९५० च्या दशकात मायकेल आणि एनिड बालिंट यांनी लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर्ससोबत सुरू केलेली गटचर्चा याला अगदी योग्य आहे. आठ-दहा जण, दीड तास, महिन्यातून एकदा, तेच ते सभासद. एकजण केसपेपर न बघता डोक्यात घर करून बसलेला रुग्ण सांगतो. गट फक्त खुलाशाचे प्रश्न विचारतो. मग सांगणारा खुर्ची मागे घेतो आणि ऐकतो, बाकीचे त्या रुग्णाबद्दल आणि त्या नात्याबद्दल बोलतात. 'तू अमुक औषध द्यायला हवं होतंस' सुरू झालं की गट मोडला समजा. रुग्णाचं नाव, ओळख पटेल असं काहीही नको.

सीएमईचं म्हणाल तर नुसत्या व्याख्यानाने प्रॅक्टिस फारशी बदलत नाही. प्रत्येकाने आपल्या शेवटच्या वीस बीपी रुग्णांचे कागद काढून किती जणांचं नियंत्रणात आहे ते मोजावं, निनावी आकडे एकत्र मांडावेत आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं.

शाखासचिव
मनापासून आभार. गटचर्चा अध्यक्षांनीच चालवली तर चालेल का? आणि कोणी फारच खचलेला दिसला तर?

गोलखुर्च्या
अध्यक्ष नको, कार्यकारिणीतलं कोणीच नको. ज्याच्याकडे तक्रारी जातात त्याच्यासमोर कोणी मोकळं बोलत नाही. या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेला, शक्यतो शाखेबाहेरचा माणूस बघा. इतिवृत्त लिहू नका.

खचलेल्या माणसाशी त्याच दिवशी एकट्यात बोलायचं आणि जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने ते वाढत नाहीत. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि शाखेबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जायचं. डॉक्टर स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहून घेतात आणि ओळखीच्या सहकाऱ्याकडे जायला लाजतात, म्हणून अशा दोन-तीन तज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांचे नंबर सगळ्या सभासदांना आत्ताच पाठवा. गुप्ततेला अपवाद दोनच: स्वतःच्या जिवाला धोका आणि रुग्णांना धोका. हे पहिल्याच बैठकीत सांगा.